खापरखवल्या: इंजिन पुढे, ढाल मागे

पावसाळा सुरू झाला की एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. कुणाच्या तरी तळहातावर वीतभर, काळसर, ओल्या काचेसारखा चमकणारा साप असतो. एक टोक निमुळतं, दुसरं सुरीने तिरकं छाटल्यासारखं बोथट. मागून आवाज येतो, "बघा, दोन तोंडांचा साप!" खाली लगेच तीन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, मांडुळाचं पिल्लू आहे, लाखोंनी किंमत येईल. दुसरा म्हणतो, मण्यारीचं पिल्लू आहे, हात लावू नका. तिसरा म्हणतो, साप कसला, हे तर गांडूळ. चुकलेले तिघंही असतात. त्यातल्या त्यात दुसऱ्याचा सल्ला तेवढा ऐकण्यासारखा.

या सापाचं मराठी नाव खापरखवल्या. शेपटीच्या टोकाला फुटक्या मडक्याच्या तुकड्यासारखी खरखरीत चकती असते. ती एकदा बघितली की नाव कसं पडलं असेल ते कुणाला सांगावं लागत नाही.

मी तो जवळून पाहिला तो आंबोलीला, जुलैमध्ये, ओळखीच्या एका घराच्या परसात. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी जरा थांबला होता आणि घरातले लोक तुंबलेला चर मोकळा करत होते. फावड्याच्या मातीबरोबर तो आला आणि कुणीतरी त्याला मातीसकट घमेल्यात टाकलं. मी वाकून बघितलं तेव्हा त्याने डोकं चिखलात खुपसलं होतं आणि शेपूट वर काढली होती. त्या शेपटीच्या चकतीवर चिखलाचा गोळा घट्ट बसला होता. बाकी अंगावर मात्र मातीचा एक कण नव्हता. चिखलातून निघालेला प्राणी एका टोकाला बरबटलेला आणि उरलेला लख्ख, हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही. या सापाबद्दल समजून घ्यायची जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या दृश्यात होती.

आधी ओळख

खापरखवल्या हे एका सापाचं नाव नाही. ते एक अख्खं कुटुंब आहे, साठाच्या आसपास जातींचं. भारताच्या द्वीपकल्पात, त्यातही मुख्यतः सह्याद्रीत, आणि श्रीलंकेत हे साप सापडतात. जगात इतरत्र कुठेही नाहीत. ना आफ्रिकेत, ना ब्राझीलच्या जंगलात, ना हिमालयात. बहुतेक जाती फूटभर किंवा त्याहून थोड्या लांब आणि बोटाएवढ्या जाड. आयुष्य जंगलातल्या भुसभुशीत, ओल्या मातीत, सडक्या पानांखाली, दगडांखाली, मुळांच्या जाळ्यात जातं. खाणं जवळजवळ फक्त गांडुळांचं. मादी अंडी घालत नाही, तिच्या पोटातून थेट पिल्लं बाहेर येतात, एका वेळी दोन-तीनपासून आठ-नऊपर्यंत.

विषाचं म्हणाल तर नाही. विषदंत नाहीत, विषग्रंथी नाहीत आणि तोंड इतकं लहान की चावायचं ठरवलं तरी जमणं कठीण. हातात घेतला तर हा बोटांभोवती अंगठीसारखा वेटोळं घालतो आणि फट शोधत राहतो. शेपटीने डंख मारतो अशी समजूत आहे, तीही खोटी. ती शेपूट खरखरीत आहे, पण तिच्यात काही भरलेलं नाही.

मग तो गांडूळ नाही हे कशावरून? गांडुळाच्या अंगावर कड्या असतात, याच्या अंगावर खवले. शिवाय घटकाभर बघत बसलात तर दुभंगलेली जीभ बाहेर येऊन आत जाते. वाळाही नव्हे, कारण वाळा बॉलपेनच्या रिफिलएवढा बारीक असतो आणि मुंग्या-वाळवीच्या अंड्यांवर जगतो. मण्यारीच्या पिल्लाच्या पाठीवर पांढरे आडवे पट्टे असतात आणि शेपूट निमुळती होत जाते. मांडुळाचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

"डबल इंजिन" कोणतं?

मांडुळाच्या चोरट्या बाजारात त्या सापाला "डबल इंजिन" म्हणतात, कारण त्याची शेपूट डोक्याइतकीच जाड आणि बोथट असते. इतक्या वजनाचं मांडूळ असेल तर इतके कोटी, घरात ठेवलं तर गुप्तधन, औषधात वापरलं तर अमुक, या सगळ्या थापा आहेत. या थापांपायी दरवर्षी माणसं तुरुंगात जातात आणि मांडुळं पोत्यात मरतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून येणारा माणूस बऱ्याचदा साध्या वेशातला पोलीस निघतो.

खापरखवल्याचा त्या धंद्याशी काही संबंध नाही. मांडूळ बोआ नावाच्या अजगरासारख्या सापांच्या घराण्यातलं, कोरड्या पठारी मुलखातलं. ते मनगटाएवढं जाड होतं आणि उंदरांना विळखा घालून मारतं. खापरखवल्या पावसाळी डोंगरातला, गांडूळ गिळणारा. दोघांत साम्य एवढंच की दोघंही मातीत शिरतात आणि दोघांची शेपूट बोथट. मातीत राहणाऱ्याला लांब, नाजूक शेपूट परवडत नाही, म्हणून वेगवेगळ्या घराण्यांतले साप एकाच आकाराशी येऊन थांबले. कोकणातला माणूस आणि केरळातला माणूस एकमेकांना न विचारता उतरतं छप्पर बांधतात, तसंच हे. पाऊसच तसा पडतो.

गंमत अशी की खापरखवल्याला "इंजिन" हा शब्द खरंच लागू पडतो. फक्त ते एकच आहे आणि पुढे आहे.

मालगाडी आणि तिचं इंजिन

साप म्हणजे जमिनीवर सरपटणारा प्राणी असं आपण समजतो. सरपटायला मोकळी जागा लागते. मातीच्या आत ती जागाच नाही, ती तयार करावी लागते. घूस पंजांनी उकरते, उंदीर दात आणि पाय दोन्ही वापरतो. ज्याला पाय नाहीत, पंजे नाहीत, त्याने बीळ कसं पाडायचं?

खापरखवल्याचं उत्तर असं. डोकं लहान, टोकदार आणि कवटी घट्ट जुळलेली. इतर सापांच्या कवटीची हाडं मोठं भक्ष्य गिळता यावं म्हणून सैल असतात, याची पहारीच्या टोकासारखी भक्कम. डोक्यामागचा सांधा मात्र असा की मान झटकन वळते. त्यामागे शरीराचा साधारण पुढचा एक तृतीयांश भाग, स्नायूंनी ठासून भरलेला.

आता एक प्रयोग करा. पूर्ण बाहीचा शर्ट घालून हात सरळ धरा, मग कोपर वाकवा. बाही कोपराशी ताणली जाते, फुगते. खापरखवल्या आपल्या कातडीच्या बाहीत हेच करतो. बाहेरून शरीर सरळच दिसतं, पण आत कणा नागमोडी वाकतो आणि पुढचा भाग फुगून बिळाच्या भिंतींना घट्ट टेकतो. टेकण मिळाली की वाकलेला कणा सरळ होतो आणि डोकं मातीत पुढे रेटलं जातं. मग डोकं इकडेतिकडे दाबून भोक जरा रुंद करायचं, पुन्हा फुगायचं, पुन्हा रेटायचं. मागचा सगळा भाग नुसता ओढला जातो.

कार्ल गान्स हे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीररचनेचे नावाजलेले अभ्यासक. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या पद्धतीची तुलना मालगाडीशी केली. पुढे इंजिन, मागे डबे. त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या भागातले स्नायू लाल आहेत आणि मागचे फिकट. स्नायूंना लाल रंग देणाऱ्या आणि त्यांच्यात प्राणवायू साठवून ठेवणाऱ्या पदार्थाला मायोग्लोबिन म्हणतात. तो जिथे जास्त, तो स्नायू न दमता बराच वेळ राबतो. गावठी कोंबडीचं मटण करणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. दिवसभर उकिरडा उकरणाऱ्या तंगडीचं मांस लालसर असतं, क्वचित फडफडणाऱ्या छातीचं पांढरं. खापरखवल्याचा पुढचा भाग म्हणजे तंगडी आणि मागचा भाग म्हणजे छाती.

कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. खापरखवल्याला बँकर नाही. जे काही जोर लावायचं ते पुढूनच. मागच्या अंगात पोट, गर्भाशय, चरबी असा माल भरलेला. मादीच्या पोटात पिल्लं असतील तर माल जास्त, इंजिन तेवढंच.

घमेल्यातल्या सापाचं लख्ख अंगही या कामाचाच भाग आहे. त्याच्या खवल्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रेघा असतात. त्यांच्यामुळे ओली माती अंगाला चिकटत नाही, घसरून जाते. पावसाळ्यात पेट्रोलपंपाजवळच्या डबक्यावर जसे रंग हलतात तसे निळे-जांभळे रंग या सापाच्या पाठीवर दिसतात, तेही या रेघांवरून उजेड विखुरल्यामुळे. अंधारात राहणाऱ्याला त्या इंद्रधनुष्याचा काही उपयोग असेल असं वाटत नाही. स्वच्छ राहण्याची सोय म्हणून पृष्ठभाग घडला, आणि चमक त्याबरोबर फुकट आली.

मग ढाल कशासाठी?

अंगाला माती लागू नये म्हणून इतका खटाटोप आणि शेपटीला मात्र मातीचा गोळा. हे उलटं कसं?

शेपटीची चकती मुद्दाम खरखरीत आहे. तिच्यावरच्या खवल्यांना कंगोरे असतात, काही जातींत टोकाला दोन बारीक काटेही. कुटुंबाचं शास्त्रीय नाव युरोपेल्टिडी, त्याचा ग्रीक अर्थच मुळी शेपटीवर ढाल असलेले. सह्याद्रीतल्या बऱ्याच जातींत ही ढाल तिरकी, सपाट असते. श्रीलंकेतल्या जातींत ती बऱ्याचदा घुमटासारखी, दाण्यादाण्यांची. या चकतीवर माती अडकते, थापली जाते आणि तिचं बूच तयार होतं. साप बिळात पुढे चाललेला असताना त्याच्यामागे बीळ उघडं राहतं. पाठलाग करणारा दुसरा साप त्याच बिळातून आला तर त्याच्या तोंडाला आधी हे बूच लागतं. कुलूप नव्हे, पण दाराला आतून लावलेला पाट समजा.

आणि बाहेर उघड्यावर सापडला तर? तेव्हा तो घमेल्यात करत होता तेच करतो. डोकं वेटोळ्याखाली किंवा मातीत लपवायचं आणि शेपूट पुढे करायची. कोंबडा, मोर किंवा रानडुक्कर त्या टोकालाच डोकं समजून तिथे टोचतात, चावतात. तिथे कठीण चकती आहे, नाजूक काही नाही. ओरखडे पडलेल्या चकत्या घेऊन फिरणारे खापरखवल्ये अभ्यासकांना सापडतात. म्हणजे "दोन तोंडांचा साप" म्हणणारा माणूस अगदीच वेडा नाही. फसवणूक त्याच्यासाठी नव्हती इतकंच.

इथे एक अपवाद सांगून टाकतो, कारण पुढे लागणार आहे. या कुटुंबातल्या मेलानोफिडियम नावाच्या गटाला ही छाटलेली ढाल नाही. त्यांची शेपूट साधी, निमुळती. नात्याने खापरखवल्ये, पण खापर नाही.

अंधारात रंगाचं काय काम?

हा प्रश्न मला एका शाळकरी मुलीने विचारला होता आणि मला लगेच उत्तर देता आलं नव्हतं. काळा-तपकिरी साप मातीत समजू शकतो. पण मोठ्या खवल्यांच्या खापरखवल्याच्या बाजूंवर पिवळे ठिपके आणि पट्टे असतात, दक्षिणेकडच्या काही जातींचं पोट लालभडक असतं. मातीत ते बघणार कोण? खुद्द सापाचे डोळे मोहरीच्या दाण्याएवढे.

विषारी प्राण्यांच्या भडक रंगाचा अर्थ सोपा आहे, मला खाल तर मराल. पण हा बिनविषारी. केरळमधल्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये एक वेगळी मांडणी पुढे आणली. काही भक्ष्यांचा भडक रंग धोक्याची सूचना नसून वेळखाऊपणाची सूचना असतो. ती अशी समजून घ्या. समोर दोन ताटं आहेत, एकात तळलेले बांगडे, दुसऱ्यात सबंध खेकडे. गाडी सुटायला दहा मिनिटं आहेत. तुम्ही खेकड्याला हात लावणार नाही. तो वाईट म्हणून नव्हे, तो फोडत बसायला वेळ नाही म्हणून. गुळगुळीत, मातीत निसटणारा आणि टोचू तिथे कठीण शेपूट पुढे करणारा हा साप पक्ष्याच्या दृष्टीने खेकडाच. उघड्यावर बसून एकाच सावजाशी झटत राहणं पक्ष्याला महागात पडतं, कारण तेवढ्या वेळात त्याच्यावरच झडप पडू शकते. भडक पिवळा ठिपका आठवण करून देतो, मागच्या वेळी याच्यापायी किती वेळ गेला.

मला ही कल्पना पटते, बाजारात मुलांना घेऊन फिरल्यामुळे असेल कदाचित.

बारा कोसांवर साप बदलतो

आता खोदकामाचा परिणाम बघू, कारण खरी गोष्ट इथे आहे.

मातीत जगण्यासाठी शरीर इतकं घडवलं की ते मातीबाहेर निरुपयोगी होतं. साध्या सापाच्या पोटाला रुंद आडव्या पट्ट्यांसारखे खवले असतात, त्यांच्या कडांनी तो जमीन पकडतो. खापरखवल्याच्या पोटावरच्या या पट्ट्या अरुंद, बाजूच्या खवल्यांपेक्षा जेमतेम मोठ्या. बिळात त्याला चारही बाजूंनी भिंत असते, त्यामुळे चालतं. उघड्यावर तो नुसता वळवळतो. त्याच्या कातडीला ओल लागते, त्याच्या गांडुळांना ओल लागते. म्हणून घाटमाथ्यावरच्या दोन ओल्या डोंगरांमध्ये पाच-दहा मैलांचं कोरडं, तापलेलं खोरं असेल तर ते त्याच्यासाठी समुद्रच. पक्षी ओलांडतो, बिबट्या ओलांडतो, धामण ओलांडते. हा नाही.

मग काय होतं? खाडीवर पूल नव्हता तेव्हा अलीकडच्या गावातली आणि पलीकडच्या गावातली बोली वेगळी व्हायची, तेच होतं. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. डोंगर अलग पडले, हजारो-लाखो वर्षं गेली आणि दोन्हीकडचे साप हळूहळू वेगळे झाले. एखादी जात नैसर्गिकरीत्या एकाच भागात सापडते आणि दुसरीकडे कुठेच नाही, तेव्हा तिला प्रदेशनिष्ठ म्हणतात. खापरखवल्यांत ही प्रदेशनिष्ठा टोकाला गेली आहे. सह्याद्रीला केरळात पालघाटची जी तीसेक किलोमीटर रुंद खिंड पडली आहे, तिच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे खापरखवल्ये बरेचसे वेगळे आहेत.

श्रीलंकेचं उदाहरण आणखी बोलकं. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली की भारत आणि श्रीलंका जमिनीने जोडले जात, आणि तो रस्ता शेवटचा बुडाला त्याला फक्त दहा-एक हजार वर्षं झाली. एवढा मोठा पूल असताना दोन्हीकडच्या सापांची ये-जा झाली असेल असं वाटतं. २००४ मध्ये 'सायन्स'मध्येच आलेल्या एका अभ्यासात बेडूक, खेकडे आणि खापरखवल्ये यांच्या जनुकांची तुलना केली होती. त्यातून दिसलं की पूल असूनही दोन्ही बाजूंची कुळं मोठ्या प्रमाणात आपापल्या जागीच राहिली. पूल कोरडा होता. ओलीत जगणाऱ्यांना तो असून नसल्यासारखाच.

या संदर्भात एक नावाचा घोळ सांगण्यासारखा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये एका खापरखवल्याला 'सिलोनचा' असं नाव दिलं. तो सिलोनमध्ये सापडतच नाही, तो आपल्या सह्याद्रीतला. शास्त्रीय नाव एकदा ठेवलं की असल्या कारणासाठी बदलत नाहीत, त्यामुळे बिचारा जवळजवळ दोनशे वर्षं परदेशी आडनाव लावून फिरतो आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात काय आहे? मोठ्या खवल्यांचा खापरखवल्या आहे. त्याच्याच महाबळेश्वरच्या प्रकाराचं वर्णन १९५५ मध्ये चारी यांनी केलं आणि त्याला महाबळेश्वरचं नाव दिलं. फिप्सनचा खापरखवल्या आहे, १८८८ मध्ये वर्णन झालेला. हे फिप्सन म्हणजे मुंबईतले दारूचे व्यापारी. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाल्यावर जागेच्या शोधात होती, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीतली जागा तिला दिली आणि पुढे तिचे चिटणीस म्हणून काम केलं.

आणि खैरेंचा काळा खापरखवल्या आहे, तो त्या बिनढालीच्या मेलानोफिडियम गटातला. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि लगतच्या कर्नाटकात तो सापडतो. आधी सगळे त्याला दक्षिणेतल्या एका जुन्या जातीतच मोजायचे. खवले मोजून, कवट्या तपासून, जुने नमुने पुन्हा बाहेर काढून पाहिल्यावर तो वेगळा निघाला आणि २०१६ मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं. डेव्हिड गोवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी ते पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांच्यावरून ठेवलं. विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढणारे खैरे म्हणून पुण्याच्या एका पिढीला ते आठवत असतील. त्यांच्या नावाचा साप मात्र कुणालाही चावू न शकणारा आहे.

२०१६. म्हणजे आपल्या पायाखाली, रोजच्या येण्याजाण्याच्या घाटात, एक अख्खी जात आपल्या हातात मोबाइल आल्यानंतर कितीतरी वर्षांनी ओळखली गेली.

"एवढ्या जाती आहेत, चार मेले तर काय बिघडलं?"

हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकला आहे. साठ जाती म्हणजे भरपूर असं वाटतं. पण साठ जाती म्हणजे साठ पिशव्यांत वाटलेले तांदूळ आहेत, एका कोठारातले नव्हेत. धामण एका तालुक्यातून नाहीशी झाली तर शेजारच्या तालुक्यातून पुन्हा येईल. खापरखवल्याची एखादी जात दोन-तीन डोंगरांवरच असेल तर तिथून गेली की तिला शेजार नाही.

आणि तिला घालवायला काही मोठं कारस्थान लागत नाही. पावसाळ्यात बिळांत पाणी भरतं, गांडुळं वर येतात, त्यांच्यामागे हे साप वर येतात. नेमक्या त्याच दिवसांत धबधबे बघायला गाड्या चढतात. डांबरावर आला की खापरखवल्याचं इंजिन चालूच असतं, पण टेकायला भिंत नाही, शिरायला माती नाही. दोन हातांचा रस्ता ओलांडायला त्याला इतका वेळ लागतो की शनिवारी-रविवारी तो ओलांडून होतच नाही. आंबोलीच्या त्या सकाळी मी रस्त्याने पाऊण तास चाललो. चिरडलेली बेडकं मोजायची सोडून दिली, आणि त्यांच्यात काळी चमकदार पट्टी दोनदा दिसली.

दुसरं, सपाटीकरण. बंगल्याच्या प्लॉटसाठी जेसीबी लावून उतार कापला की झाडं किती गेली ते मोजलं जातं. वरची हात-दोन हात काळी माती गेली त्याची नोंद कुणी करत नाही. खापरखवल्याचं जंगल तेवढंच असतं. उलट एक दिलासा असा की तो हट्टी नाही. माती ओली, भुसभुशीत आणि सावलीतली असेल तर बागेत, परसात, बागायतीतही टिकतो.

कुणी म्हणेल, पण तो शेतकऱ्याचा मित्र गांडूळ खातो, मग तो शत्रूच. असं बघायचं तर आंबे खाणारी मुलंही बागेची शत्रू. जंगलातल्या मातीत गांडुळांना तोटा नाही, आणि ती या सापाच्या पोटातून पुढे पोवळा साप, मोर, रानकोंबड्या यांच्यापर्यंत जातात. मातीतला हा माल वरच्या जगात पोहोचवणाऱ्या ज्या काही थोड्या वाटा आहेत, त्यातली ही एक.

दिसला तर

आधी स्वतःला विचारा, खात्री आहे का? घाटात पोवळा साप असतो. तोही सडपातळ, पालापाचोळ्यात राहणारा, आणि तो विषारी आहे. व्हिडिओ बघून शिकलेल्या ओळखीवर हात पुढे करू नये. रस्त्यावर असेल तर मागच्या गाड्या थांबवा, लांब काठीने किंवा मोठ्या पानावर अलगद घेऊन तो ज्या दिशेला चालला होता त्या बाजूला, मातीवर सोडा. डांबराच्या कडेच्या सिमेंटच्या गटारात नको, तिथून तो निघू शकत नाही.

आणि कृपा करून "चांगल्या जंगलात" नेऊन सोडू नका. पन्नास किलोमीटरवरचं अभयारण्य आपल्याला त्याच्या भल्याचं वाटतं, पण तो त्याच्या बारा कोसांबाहेरचा मुलूख आहे. तिथे त्याचं कुणी नसेल, किंवा असलं तर वेगळ्या जातीचं असेल. सापडला तिथून दहा पावलांवर, एवढं पुरे. बाटलीत भरून मुलांना दाखवायला शाळेत नेणं तर नकोच.

परसातल्या त्या सापाची जात कोणती होती ते मी सांगत नाही. खवले मोजल्याशिवाय ती सांगता येत नाही आणि मोजण्याइतका वेळ त्याला घमेल्यात ठेवणं बरं वाटेना. फणसाच्या बुंध्याशी, जिथे पानं कुजून माती काळी झाली होती, तिथे घमेलं तिरकं केलं. तो चिखलाच्या गोळ्यासकट बाहेर घसरला. क्षणभर नुसता पडून राहिला. मग डोकं दोन पानांच्या मध्ये घातलं, मानेमागचा भाग जरा फुगल्यासारखा झाला, परत बारीक झाला. पुन्हा फुगला. घड्याळाकडे बघायचं मी विसरलो, पण घरातून चहाची हाक आली तोवर त्याचा अर्धा भाग आत गेला होता. हाकेला ओ देऊन परत बघितलं तर शेवटची बोटभर शेपूट उभी होती, मग तीही खाली गेली. भोक दिसेल म्हणून वाकलो. भोक नव्हतंच. तिथे मातीच्याच रंगाचं, रुपयाच्या नाण्याहून लहान, ओबडधोबड झाकण बसलं होतं. चहा घेऊन परत आलो तेव्हा ते नेमकं कुठलं, तेही सापडेना.